होडी धरणारी

माझा नवरा सादोक मेला तो समुद्रात नव्हे. चहाच्या दुकानात मेला, डॉमिनो खेळताना. डाव हरत आला होता म्हणे, आणि एकदम टेबलावर डोकं टेकलं. बाकीच्यांना वाटलं सोंग करतोय. सोंगं करायची त्याला सवयच होती, तेव्हा त्यांना तरी काय बोलू? उभा जन्म ज्याने शीड ताणून लाटांवर काढला, त्याने मरायला लाकडी खुर्ची निवडली. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

महदियाला हॉटेलांच्या किनाऱ्यावर आमची कॅटमरान असायची. दोन लांब निमुळती होडकी, मधे ताणून बसवलेली जाळी, जाळीच्या पुढच्या कडेला डोलकाठी, तिला एक मोठं शीड आणि पुढे एक छोटं. पाहुण्यांना फिरवून आणायचं हे सादोकचं काम. आणि होडी परत आली की पाण्यात उतरून ती धरायची, हे माझं.

धरायची म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं सांगणं फुकट. उन्हाळाभर आमच्याकडे शर्गी वाहतो, पूर्वेचा वारा, समुद्रावरून थेट किनाऱ्यावर. परत येताना तो पाठीवर असतो. समोरचा वारा असेल तर सोपं, दोर सैल सोडला की शीड फडफडतं आणि होडी जागच्या जागी मरते. पण पाठीवरच्या वाऱ्यात दोर कितीही सोडा, शीड जाऊन डोलकाठीला ताणून धरणाऱ्या बाजूच्या तारेला टेकतं आणि तिथेच फुगून बसतं. ब्रेक नसलेली गाडी. शहाणा माणूस काय करतो? बाहेरच, लाटा फुटतात त्याच्या अलीकडे, होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवतो, मोठं शीड उतरवतो आणि छोट्या शिडावर सावकाश आत येतो. सादोक? छे! पूर्ण शीड फुगवून सरळ माझ्या अंगावर यायचा. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, हाताशी आली की दोन्ही हातांनी पकडायची, सगळं वजन टाकायचं आणि होडी वाऱ्याकडे फिरवायची. मग शीड फडफडायचं, होडी थांबायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे. टाळ्या त्याला, काळेनिळे डाग माझ्या मांड्यांना.

किनाऱ्याची रीतच तशी होती म्हणा. शीड परतताना दिसलं की कुणीतरी हातातलं काम टाकून पाण्यात शिरणारच. मी नसले तर छत्र्या लावणारा लोत्फी. एकदा कॉफी आणणारा वेटर शिरला होता, काळी पँट, पांढरा शर्ट आणि ट्रे डोक्यावर. होडी एकट्याने किनाऱ्याला लावायची कशी, हा प्रश्न आमच्यात कुणाला पडलाच नाही. लोत्फी पुढे फ्रान्सला गेला, वेटरांचीही पांगापांग झाली, मग उरले मी एकटी.

"मेल्या, बाहेर शीड उतरवून ये की!" मी रोज ओरडायचे. "माझ्या कमरेचे टाके ढिले झाले."

"हूक अडकतो गं," तो म्हणायचा. "पाण्यावर सुटत नाही."

हूक म्हणजे डोलकाठीच्या टोकाचा. शिडाच्या वरच्या कोपऱ्यात कडी असते, ती वर नेऊन त्या हुकात अडकवली की शीड चढलं. उतरवताना एकाने दोर खेचायचा आणि दुसऱ्याने तोच दोर डोलकाठीपासून लांब ओढून धरायचा, तेव्हा कडी सुटते. संध्याकाळी वाळूवर आम्ही दोघं ते करायचो. "ओढ मोंजी! आत्ता नाही! हां, आत्ता!" असा माझ्या नावाने त्याचा आरडाओरडा चालायचा. दोन माणसांचं काम, हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहत आले होते. न पटायला काय झालं?

"मग एखाद्या दिवशी मी पाण्यात नसले, तर फुटशील," मी म्हणायचे.

"तू आहेस ना," तो म्हणायचा आणि दात काढायचा. कपाळ!

आणि ती खुंटी. डोलकाठीच्या पुढच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर त्याने ऑलिव्हच्या लाकडाची एक खुंटी ठोकून ठेवली होती. जाळीवरून इकडून तिकडे जाताना माझी नडगी हमखास तिच्यावर आपटायची. काढून टाक म्हणून मी कितीदा भांडले. "टॉवेल टांगायला लागते," म्हणायचा. आणि खरंच तिच्यावर कायम त्याचा तो विटका निळा टॉवेल लोंबत असायचा. धुवायचा म्हटलं की मला तो त्याच्याकडून मागून घ्यावा लागायचा.

तो गेला त्याच हिवाळ्यात हॉटेल बंद पडलं. नव्या मालकाने किनाऱ्याच्या कडेने भिंत घालायला काढली, होडी हलवा असा निरोप आला. आमचं घर रासच्या, म्हणजे भूशिराच्या, पलीकडे आहे. घराखाली थोडी वाळू आहे, दोन्ही बाजूंना खडकांच्या रांगा. मी ठरवलं, होडी तिथे आणायची आणि उन्हाळ्यात आपणच पाहुणे फिरवायचे. घरात बसून भिंतींशी काय बोलू? सादोक असताना मी दिवसभर तोंड वाजवायचे. तो गेल्यावर पहिल्यांदा कळलं की ते बोलणं ऐकायला कुणी लागतं. दुपारी दोन ताटल्या काढायचे आणि एक परत ठेवायचे. असं वसंत लागेपर्यंत चाललं.

मग माझा मुलगा निझार आला, सूसहून. तिथे औषधांच्या गोदामात हिशेबनीस आहे, तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्यासाठी खोली तयार ठेवलीय त्याने. खोली चांगली आहे, सून सिहेमही वाईट नाही. पण खिडकीतून समोर गॅरेजची भिंत दिसते. मी थंडीत राहून आले होते. तिथे वारा कुठून सुटलाय हे कळतच नाही. सिहेमला विचारलं तर तिने मोबाइलमध्ये बघून सांगितलं.

"उम्मी, तू होडी धरतेस," निझार म्हणाला. "चालवायचे बाबा."

"आणि संध्याकाळी कोण चालवायचं? तुझा बाप जाळीवर पाय पसरून आडवा व्हायचा. सुकाणू माझ्याच हातात असायचं."

"चालवायचं नाही म्हणत मी. किनाऱ्याला लावायचं म्हणतोय. लावायची वेळ आली की बाबा उठून बसायचे आणि तू पाण्यात उडी मारायचीस. खरं की नाही?"

खरं होतं. मी चहा ढवळत बसले.

"आता होडीवर बाबा नाहीत आणि पाण्यात तू नाहीस," तो म्हणाला. "मग धरणार कोण?"

ते त्याने वाईट मनाने विचारलं नाही. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरा मेल्यावर बाईने काय काय करू नये हे जो तो सांगायला येतो, त्यात पोटचा पोरही.

"एकटीने आणून दाखवली तर?" मी म्हटलं.

"कुठून कुठे?"

"हॉटेलपासून आपल्या वाळूवर. रास वळसा घालून."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "धडधाकट आणलीस, एकटीने, तर मी पुन्हा सूसचं नाव काढणार नाही. पण मी पाण्यात पाऊल टाकणार नाही हं. आणि बाबांच्या मित्राला, त्या अम्म हमदालाही मदतीला बोलवायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर त्याच संध्याकाळी गाडीत बसायचं. घराला कुलूप."

मी त्याच्या तळहातावर हात मारला. 

दिवस मी निवडला, गर्बीचा. गर्बी पश्चिमेचा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. त्या वाऱ्यात आमच्या वाळूकडे येताना वारा तोंडावर असतो. किनारा जवळ आला की दोर सोडायचा, शीड फडफडतं, होडी थांबते. हुकाला हातच लावायला नको. म्हणजे मी अगदीच डोकं गहाण टाकून निघाले नव्हते.

भिंतीचं काम करणाऱ्या गवंड्यांनी होडी पाण्यात ढकलायला हात दिला. एकाने विचारलं, "खाला, बरोबर कुणी नाही?" मी म्हटलं, "तू येतोस?" तो हसून मागे सरला. मी दोर ओढला, शीड भरलं, आणि होडी चालू लागली. एका अंगावर थोडी कलायला लागली तेव्हा सवयीने मागे वळून बोलायला गेले. "सरक जरा तिकडे," असं तोंडातून निघूनही गेलं. जाळीवर माझ्याखेरीज होता तो फक्त निळा टॉवेल. तो मी काढला नव्हता, धुतलाही नव्हता.

रासला वळसा घालताना कबरस्तान दिसतं. उतारावर सगळ्या पांढऱ्या कबरी, पाण्यापर्यंत आलेल्या. सादोक त्यांतच आहे. जमिनीवरून गेले तर मी डोळे मिटून त्याच्यापाशी पोचते. पण समुद्रावरून सगळ्या कबरी सारख्याच. मी डोळे ताणून पाहिलं, कुठली त्याची ते कळेना. इतकी वर्षं तो ह्या बाजूने किनाऱ्याकडे बघायचा आणि त्याला मी दिसायचे. आता मी बघतेय तर मला तो ओळखू येत नाही. रडू आलं. रडले. तिथे बघायला कोण होतं?

त्या रडण्याच्या नादात वारा पडलेला मला उशिरा कळला. शीड ढिलं पडलं, होडी नुसती डुलायला लागली. जवळच अम्म हमदा आपल्या लहान मोटरच्या होडीतून मडकी उपसत होता. आमच्याकडे आठपाय, म्हणजे ऑक्टोपस, धरायला मातीची मडकी दोराला बांधून तळाशी सोडतात. आठपायाला वाटतं घर मिळालं, आणि तो आत जाऊन बसतो. म्हातारा सादोकचा जुना मित्र.

"पोरी, गर्बी संपला," तो ओरडला. "आता शर्गी येणार. तिकडे बघ, पाणी काळं झालंय."

पूर्वेला पाण्यावर काळपट पट्टा सरकत येत होता.

"बघतेय."

"दोर टाकू? ओढून नेतो तुला. कुणाला सांगणार नाही."

खरं सांगते, जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. एक "टाका" म्हटलं असतं की सुटले असते. पण ते गॅरेज डोळ्यांसमोर आलं.

"नको अम्म हमदा. तुम्ही तुमची मडकी सांभाळा."

"सादोकसारखीच मूर्ख आहेस," तो म्हणाला आणि पुढच्या दोराला लागला. म्हाताऱ्याला माझ्या पैजेचं काही ठाऊक नव्हतं, त्याच्यावर कशाला रागवू?

शर्गी आला तो एकदम. पाठीला हात लावून कुणी ढकलावं तशी होडी निघाली. शीड तारेला जाऊन टेकलं. मी दोर पार सोडला, काही फरक नाही. रास मागे पडली आणि आमची वाळू दिसायला लागली. खडकांच्या दोन काळ्या रांगा, मधे चिंचोळी वाळू, आणि वाळूवर निझार. ऑफिसचे बूट घालून उभा होता. हात खिशात.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी ही होडी किनाऱ्याला लावलेली नाहीच कधी. मी नेहमी दुसऱ्या टोकाला होते. कुठे उभं राहायचं, नाळ कधी पकडायची, कुठल्या खांद्याने रेटायची, हे मला झोपेत विचारा. पण ती नाळ माझ्याकडे येत असायची. आता मी नाळेच्या मागे बसले होते आणि पुढे पाण्यात ती बाई नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात, हात पसरून, शिव्या घालणारी. मला तिची इतकी गरज वाटली की मी तिला शोधत होते.

ह्या वेगाने वाळूवर गेले असते तर नीट मधे लागायची शक्यता कमी. एक अंग खडकावर चढलं की होडकं फुटणार. होडी फुटली की घराला कुलूप.

मी सुकाणू ढकललं आणि होडी वाऱ्याकडे फिरवली. दोन्ही शिडं फडफडायला लागली, कानठळ्या बसतील अशी. होडी थांबली, पण लाटा तिला मागे, खडकांकडे, ढकलायला लागल्या. हातात वेळ थोडा. मी गुडघ्यांवर रांगत डोलकाठीपाशी गेले, खालचा ताण सैल केला आणि शीड चढवायचा दोर खेचला. काही नाही. पुन्हा खेचला. वर कडी हुकात घट्ट बसलेली. दुसरं कुणी दोर लांब धरायला असतं तर! एका हाताने खेचून दुसऱ्याने लांब धरायला गेले तर ताकद पुरेना. वरून लाट आली आणि मी पुढे आदळले. नडगी खुंटीवर. कळ थेट मस्तकात गेली.

"आग लागो तुझ्या खुंटीला, मेल्या!" मी बोंबलले. तो गेल्यापासून 'मेल्या' हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता.

आणि रागाने तो टॉवेल ओढून पाण्यात भिरकावणार होते. ओढला. खुंटी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर उघडी आली, हातभर अंतरावरून.

खुंटीच्या खालच्या अंगाला खाच होती. कोरलेली नव्हे, घासून पडलेली. गुळगुळीत, माझ्या अंगठ्याएवढी खोल. ऑलिव्हचं लाकूड किती कठीण असतं ते मला सांगू नका, आमच्या घरातला खलबत्ता त्याचाच आहे. त्यात अशी खाच टॉवेलने पडत नाही. ती पडते ताणलेल्या दोराने, आणि एक-दोन वर्षांत नाही.

मी दोर खुंटीखालून घेतला. तो खाचेत बसला, जणू रोजचीच जागा. आणि दोर आपोआप डोलकाठीपासून वीतभर लांब झाला. दुसऱ्या माणसाने धरावा तितकाच. मी खेचला. वर टक् झालं. कडी सुटली, आणि मोठं शीड सरसरत खाली आलं, माझ्या डोक्यावर, खांद्यांवर, मांडीवर.

एकटीने. बसल्या जागी.

हूक कधी अडकत नव्हता. एकट्याने शीड उतरवायला त्याने स्वतःच ती खुंटी बसवली होती, आणि कितीतरी वेळा वापरली होती. मला सगळं एकामागून एक आठवायला लागलं. गफसाला बहिणीच्या आजारपणात मी महिनाभर होते, तेव्हा तो रोज एकटा समुद्रावर जात होता. परत आले तर होडीला ओरखडाही नाही. मी समजले लोत्फीने धरली असेल. तेव्हा ध्यानातच आलं नाही, लोत्फी तर केव्हाच फ्रान्सला गेला होता! मला तापाने धरलं त्या हिवाळ्यातही तेच. मी नसले की हा खुंटी वापरून मुकाट्याने, शहाण्यासारखा आत यायचा. मी असले की शीड फुगवून माझ्या अंगावर.

मला वाटायचं पाहुण्यांना दाखवायला करतो. पण पाहुणे नसायचे तेव्हाही, ऐन थंडीत रिकाम्या किनाऱ्यावरही, तो तसाच यायचा. तेव्हा तिथे बघायला कोण असायचं? मी. फक्त मी, पाण्यात हात पसरून. त्याला मी धरायला हवी होते, दुसरं काही नाही. आणि हे त्याने सरळ तोंडाने सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? वर्षानुवर्षं हुकाचं नाव सांगत राहिला, लबाड! मी त्याला दिवसभर शिव्या दिल्या आणि तो हसत राहिला. मला आत्ता भांडायचं होतं. आत्ताच्या आत्ता त्याच्याशी कडाकडा भांडायचं होतं, आणि तो त्या पांढऱ्या उतारावर कुठेतरी होता, मला ओळखूही न येणाऱ्या जागी.

शिडाखाली मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. खडकांवर लाट फुटल्याचा आवाज जवळून आला तेव्हा भानावर आले. शीड गुंडाळून जाळीवर बांधलं, मागे सरकले, सुकाणू धरलं. होडीचं तोंड वाळूकडे वळलं. आता वारा फक्त छोट्या शिडात होता, होडी सावकाश चालली होती. शहाण्या माणसाची होडी. इतकी वर्षं सादोकला जे कर म्हणून ओरडत होते, ते मी करत होते, आणि ते करायला किती सोपं होतं हे कळून माझा जीव तुटला.

किनाऱ्यावर निझारने हात खिशातून काढले होते. मोठं शीड एकदम कोसळलेलं त्याने पाहिलं असणार, त्याला वाटलं काहीतरी मोडलं. तो धावत सुटला आणि बुटांसकट पाण्यात शिरला.

"मागे हो!" मी ओरडले. "निझार, पाय मागे घे! हात लावलास तर बघ!"

तो गुडघाभर पाण्यात थबकला. दोन्ही हात पुढे केलेले. अगदी तसाच उभा राहिला होता, जसं मी त्याला लहानपणी शिकवलं होतं, उजवा खांदा पुढे. क्षणभर वाटलं, जाऊ दे, धरू दे त्याला. कुणीतरी धरू दे. पण त्याने धरलं असतं तर मी सूसला. आणि दुसरंही एक. मी नव्हे तर दुसरं कुणी ती होडी धरतंय, हे मला आज बघवलं नसतं.

वाळूच्या तोंडाशी आल्यावर मी छोटं शीडही सोडलं. ते एकदा फडफडलं आणि गप्प झालं. सुकाणूची पाती वर उचलली. होडी आता नुसत्या उरलेल्या वेगावर, लाटेबरोबर. मी बाजूने पाण्यात उतरले, मांडीएवढ्या, आणि पुढे जाऊन नाळ धरली. ती माझ्या तळहाताला टेकली आणि थांबली. जोर लावावाच लागला नाही. उलट हात मोकळेच राहिल्यासारखे झाले.

आवाज नाही, टाळ्या नाहीत. वाळूवर होडी अशी लागली की शेजारी बसलेला समुद्रपक्षीही उडाला नाही.

निझार तसाच उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बापासारखा झाला. मी दुसरीकडे बघितलं.

"जिंकलीस," तो म्हणाला. "धडधाकट. मी काही बोलत नाही आता."

"पाण्यात पाऊल टाकलंस की तू."

"हात नाही लावला."

"नशीब तुझं."

आम्ही दोघांनी मिळून होडी वर ओढली. पैज संपली होती, तेव्हा एवढं चाललं. मी जिंकले होते. ही वाळू माझी, वर घर माझं, उन्हाळ्यात पाहुणे येतील, मी त्यांना फिरवीन. मला कुणाचीही गरज पडणार नव्हती. परत येताना पाण्यात कुणी उभं नसलं तरी माझं काही अडणार नव्हतं. पैज मारली तेव्हा मला हेच हवं होतं, आणि आता ते हातात आल्यावर कुठे ठेवू कळेना.

निझार होडीच्या कडेला बसून बुटांतलं पाणी काढायला लागला. मोजे पिळत तो गुंडाळलेल्या शिडाकडे बघत होता.

"उम्मी, किती शांतपणे आणलीस गं," तो म्हणाला. "मग बाबा असं का नाही करायचे कधी? तुझी कंबर वाचली असती."

मी खुंटीकडे पाहिलं. निळा टॉवेल ओलाचिंब होऊन खाली जाळीवर पडला होता.

"हूक अडकायचा," मी म्हटलं. "पाण्यावर सुटायचा नाही."

"मग तुझा कसा सुटला?"

"तुझ्या बापाने दुरुस्त केला असेल."

त्याने मान हलवली. त्याला पटलं. न पटायला काय झालं? मी त्याच्या हातातले ओले मोजे घेतले, अजून एकदा घट्ट पिळले आणि खुंटीवर वाळत टाकले.